गर्दीच्या स्पॉटवर बोट नेताना अंतर नेमकं कशापासून मोजायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की या वर्षी पहिली बोट घेतली, सुट्टीच्या दिवशी सकाळी एका नावाजलेल्या स्पॉटवर गेलात, तिथे आधीच पंधरा-वीस बोटी उभ्या होत्या, तुम्ही एका नांगरलेल्या बोटीच्या मागून तिच्यापासून चांगलं ३० मीटर लांबून हळू गेलात, तरी तो माणूस ओरडला, त्याची लाईन तुमच्या इंजिनाच्या पंख्यात आली, त्याने ती तोडली, तुम्ही अडकलेला तुकडा हाताने ओढून काढलात आणि मूड जाऊन घरी आलात. आणि आता विचारताय की पाणी तर सगळ्यांचं आहे, मग ३० मीटर कमी आहे का, आणि किती अंतर ठेवलं म्हणजे कोणी बोलणार नाही.

सरळ सांगतो, चूक तुमचीच होती, पण अंतर कमी ठेवलंत ही ती चूक नाही. तुम्ही अंतर बोटीपासून मोजलंत. गळ टाकून बसलेल्या माणसाची बोट पाच मीटरची दिसत असली तरी पाण्यात त्याची खरी लांबी साठ-सत्तर मीटर असू शकते, कारण पुढे नांगराचा दोर गेलेला असतो आणि मागे लाईन गेलेल्या असतात, आणि हे दोन्ही तुम्हाला दिसत नाही. सत्तावीस वर्षं बोटीतून गळ टाकतोय, या काळात जेवढी भांडणं पाहिली त्यातली बहुतेक याच एका गोष्टीवरून झालेली, येणारा म्हणतो मी लांब होतो आणि बसलेला म्हणतो तू माझ्या अंगावरून गेलास, आणि दोघंही आपापल्या जागी खरंच बोलत असतात.

म्हणून कुठल्याही गर्दीच्या जागी पोचलात की पहिलं काम म्हणजे लांब थांबायचं. निदान शंभर-दीडशे मीटर अलीकडे इंजिन न्यूट्रलला टाकायचं आणि पाच-दहा मिनिटं नुसतं बघायचं. रॉडला हात लावायचा नाही, फिश फाइंडर, म्हणजे सोनारने पाण्याखालचं दाखवणारं यंत्र, बघायचा नाही, फक्त बोटी बघायच्या. कोण नांगरून बसलंय, कोण वाऱ्याबरोबर किंवा प्रवाहाबरोबर वाहत जातंय, कोण ट्रोलिंग करतंय म्हणजे बोट चालवत मागे लाईन ओढतंय, कोण काठाकाठाने सरकत कास्टिंग करतंय म्हणजे गळ लांब फेकून परत ओढतंय. हे चार प्रकार ओळखता आले की निम्म्याहून जास्त शिष्टाचार आपोआप जमतो, कारण प्रत्येक प्रकारात लाईन वेगळ्या दिशेला असते. पोलराइज्ड चष्मा असेल तर घाला, पाण्यावरची चमक कमी होते आणि रॉडच्या टोकापासून तंगूस कुठल्या बाजूला उतरलंय ते पुष्कळदा दिसतं. दिसलं नाही तर रॉडचं टोक ज्या बाजूला वाकलंय ती बाजू लाईनची, एवढं तर कळतंच.

नांगरलेल्या बोटीपासून सुरू करू कारण तुमचा किस्सा तोच आहे. नांगर नीट धरायचा तर दोर खोलीच्या पाच ते सात पट सोडावा लागतो. म्हणजे पाणी आठ मीटर खोल असेल तर दोर कमीत कमी चाळीस मीटर. तो तिरका जातो, त्यामुळे नांगर बोटीच्या तोंडापासून आडवं अंतर धरलं तर जवळपास तेवढ्याच लांब, एकोणचाळीस मीटरवर पडलेला असतो. बोटीचं तोंड वाऱ्याकडे किंवा प्रवाहाकडे असतं आणि लाईन मागे सुटलेल्या असतात, त्याही वीस-तीस-चाळीस मीटर. आता तुमचे ३० मीटर बघा. बोटीच्या मागून ३० मीटरवर म्हणजे बरोबर त्याच्या आमिषाच्या जागी तुम्ही पंखा फिरवत गेलात. तेच ३० मीटर बाजूने ठेवले असते तर बहुतेक तो हात करून गप्प बसला असता. तरी बाजूनेही मी स्वतः दोन कास्टचं अंतर धरतो, माझी एक कास्ट आणि त्याची एक कास्ट, म्हणजे साधारण साठ-सत्तर मीटर. गर्दी फारच असेल तर ते कमी होतं, पण मग विचारून कमी करायचं, स्वतः ठरवून नाही.

नांगरलेल्यांच्या मध्ये स्वतः नांगर टाकायचा असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते, जी नवीन माणसाला पहिली दोन-तीन वर्षं कळत नाही, मलाही कळली नव्हती. बोट एका जागी नसते, ती नांगराभोवती गोल फिरते. वरच्या उदाहरणात दोराचे एकोणचाळीस आणि बोटीचे पाच असे मिळून चव्वेचाळीस मीटर त्रिज्येचं वर्तुळ झालं, आणि वारा उलटा फिरला किंवा भरतीची ओहोटी झाली की बोट एका टोकाहून दुसऱ्या टोकाला म्हणजे जवळपास नव्वद मीटर सरकणार. सगळ्यांनी साधारण सारखाच दोर सोडला असेल तर सगळ्या बोटी एकत्र फिरतात आणि काही होत नाही, पण शेजाऱ्याने पन्नास मीटर सोडलाय आणि तुम्ही कंटाळा करून वीस मीटरच सोडलाय तर वारा फिरल्यावर तो येऊन तुमच्यावर टेकणार. म्हणून नांगर टाकण्याआधी शेजाऱ्याला विचारायचं, दोर किती सोडलाय. एवढा साधा प्रश्न आहे पण तो विचारला की समोरच्याला लगेच कळतं की हा माणूस डोळे उघडे ठेवून आलाय. आणि जो आधी नांगरून बसलाय त्याच्या हिशोबाने नंतर आलेल्याने जमवून घ्यायचं, टेकायची वेळ आली तर नंतर आलेल्याने नांगर उचलायचा, यावर वाद घालू नये.

आता तर इलेक्ट्रिक मोटरला जीपीएस असतं आणि बटण दाबलं की ती बोटीला एका बिंदूवर धरून ठेवते, स्पॉट-लॉक म्हणतात ते. फार सोयीचं आहे, मीही वापरतो. पण नांगरलेल्या बोटींच्या घोळक्यात स्पॉट-लॉक करून बसणं म्हणजे फिरणाऱ्या चक्रात खुंटी ठोकणं, सगळ्या बोटी वाऱ्याबरोबर फिरणार आणि तुमची एकटी जागेवर राहणार, मग ते तुमच्यावर आले की तुम्ही म्हणणार मी तर हललोच नाही. न हलणं हीच तिथे अडचण आहे. घोळक्याच्या कडेला बसा. आणि मोटरचा छोटा पंखा सारखा फिरत असतो हे विसरू नका, शेजाऱ्याची लाईन वाहत आली तर तीच गुंडाळली जाते.

नांगर बोटीच्या तोंडाकडूनच बांधायचा, मागच्या बाजूने कधीच नाही. हा शिष्टाचाराचा नाही, जिवाचा भाग आहे. मागची बाजू बुटकी असते, तिथे इंजिनाचं वजन असतं, मागून नांगर ओढला गेला आणि एखादी मोठी लाट किंवा कोणाची वेक, म्हणजे त्याच्या बोटीमागची लाट, आली की पाणी आत येतं आणि छोटी बोट बघता बघता भरते.

वाहत जाणाऱ्यांचं, म्हणजे ड्रिफ्ट करणाऱ्यांचं गणित अगदी वेगळं. तिथे एक अदृश्य रांग असते. बोटी वरच्या टोकाला सुरुवात करतात, खडकावरून किंवा खोलीच्या कडेवरून वाहत खाली येतात, मग इंजिन चालू करून परत वर जातात. नवीन माणूस काय करतो, खाली पोचल्यावर ज्या वाटेने आला त्याच वाटेने सरळ वर जातो, म्हणजे मागून वाहत येणाऱ्या सगळ्यांच्या माशांच्या डोक्यावरून. मागे जायचं ते मोठा वळसा घेऊन, ड्रिफ्टच्या पट्ट्यापासून निदान साठ-सत्तर मीटर बाजूने, आणि तेही हळू. आणि वर गेल्यावर रांगेत शेवटी लागायचं, मध्ये जागा दिसली म्हणून घुसायचं नाही, ती जागा रिकामी नाही, तिच्यात वरून येणाऱ्याची लाईन आहे. त्याहून वाईट म्हणजे या पट्ट्याच्या मध्यावर नांगर टाकणं. मी शांत माणूस आहे, पण हे पाहिलं की मलाही राग येतो, कारण एक माणूस बसतो आणि दहा बोटींचं काम थांबतं. तुम्हाला नांगरूनच बसायचं असेल आणि तिथे सगळे ड्रिफ्ट करत असतील तर तुम्ही दुसरी जागा शोधा किंवा त्या दिवशी तुम्हीही ड्रिफ्ट करा. याच्या उलटही तेच, सगळे नांगरून बसलेत तिथे मधून वाहत जाऊ नये. जागेवर जास्त लोक ज्या पद्धतीने करतायत ती पद्धत त्या दिवसापुरती सगळ्यांची.

ड्रिफ्टमध्ये अजून एक, सगळ्या बोटी एकाच वेगाने वाहत नाहीत. उंच केबिनची बोट वाऱ्याला जास्त पकड देते, ती वाऱ्याबरोबर पळते, आणि कयाक किंवा बुटकी बोट पाण्यात बसलेली असते, ती प्रवाहाच्या मर्जीने जाते. म्हणून तुमची बोट उंच असेल तर वाऱ्याच्या वरच्या बाजूला कयाकच्या मागे सुरुवात करू नका, दहा मिनिटांत तुम्ही त्याच्या अंगावर असाल. किंवा ड्रोग टाका, पाण्यातली ती कापडी छत्री वेग चांगला कमी करते, पण तिचा दोर पण पाण्यात आहे हे शेजाऱ्याला सांगून ठेवा.

ट्रोलिंगवाले. यांच्या मागे ३० ते ६० मीटर लाईन असते, आणि बाजूला पसरवायला प्लेनर बोर्ड लावले असतील तर दोन्ही बाजूंना आणखी वीस-तीस मीटर. म्हणजे ती एक मोठी अदृश्य चटई ओढत चाललेली बोट आहे असं समजा. तिच्या मागून कापून जायचं नाही. जायचंच असेल तर चांगलं शंभर-दीडशे मीटर मागून, नाहीतर लांबूनच दिशा बदलून तिच्या पुढून भरपूर जागा ठेवून. आणि ती पटकन वळू शकत नाही हे समजून घ्या, वळताना आतल्या बाजूच्या लाईनचा वेग कमी होतो आणि त्या खाली बसून तळाला अडकतात, बाहेरच्या लाईन वेगात वर येतात, मग सगळ्याचा गुंता, म्हणून तो मोठं वळण घेतो आणि तुम्हाला वाटतं मुद्दाम आडवा येतोय. ट्रोलिंग करणाऱ्यांमध्ये सगळे एकाच दिशेने फेऱ्या मारत असतील तर तुम्हीही त्याच दिशेने लागा. आणि तुम्ही स्वतः ट्रोलिंग करत असाल तर नांगरलेल्या किंवा वाहणाऱ्या घोळक्यातून चटई ओढत नेऊ नका, तो हक्क तुम्हाला नाही.

हक्काचा विषय निघाला म्हणून जरा सविस्तर, कारण तुम्ही पाणी सगळ्यांचं म्हणालात आणि पुष्कळ जुनेजाणते पण उलट टोकाला जाऊन सांगतात की मासेमारी करणाऱ्याला सगळ्यांनी वाट द्यायची असते. समुद्रात आणि समुद्राला जोडलेल्या पाण्यात टक्कर टाळण्याचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, १९७२ चे, १९७७ पासून लागू, कोलरेग्ज म्हणतात त्यांना, त्यात मासेमारीत गुंतलेल्या नौकेला खरोखर वेगळा दर्जा आहे. पण नियम ३ मध्ये त्याची व्याख्या वाचा. जाळी, लाईन, ट्रॉल अशा साधनांमुळे जिची वळण्याची क्षमता कमी झालीये तीच नौका यात येते, आणि ट्रोलिंगच्या लाईन त्यात धरत नाहीत असं तिथेच स्पष्ट लिहिलंय. म्हणजे तुम्ही-आम्ही रॉड घेऊन बसलेले लोक नियमाच्या भाषेत साधी इंजिनवाली बोट आहोत. समोरासमोर आलात तर दोघांनी उजवीकडे वळायचं. वाटा एकमेकींना छेदत असतील तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरी बोट आहे त्याने वाट द्यायची. मागून येऊन पुढे जाणाऱ्याने बाजू ठेवायची. आणि वाट द्यायची तर वेळेत आणि मोठी दिशा बदलून, म्हणजे समोरच्याला लांबून कळलं पाहिजे. ज्याला वाट मिळतीये त्याने आपली दिशा आणि वेग तसाच ठेवायचा, हे आपल्या लोकांत सगळ्यात जास्त मोडलं जातं, मासा लागला म्हणून सुकाणू सोडून सगळे मागे धावतात आणि बोट मनाला येईल तिकडे. नियम ५ म्हणतो सतत नजर ठेवा, तिथे मासा लागला असेल तर सूट असं लिहिलेलं नाही. बोटीत दोघं असाल तर एकाने सुकाणूवर राहायचंच.

अरुंद मार्गात, जिथून मोठ्या बोटी जातात, तिथे शक्यतो नांगर टाकायचाच नाही आणि मासेमारी करत असलात तरी जाणाऱ्याची वाट अडवायची नाही, हे पण त्याच नियमांत आहे. तिथे मासा कितीही असो. मोठ्या नौकेला तुम्ही दिसत नाही आणि दिसलात तरी ती थांबू शकत नाही. तळी, धरणं, नद्यांवर त्या त्या ठिकाणचे वेगळे नियम असतात, ते आधी वाचून जायचं. पण हे सगळे नियम टक्कर टाळायचे आहेत. लाईन कापली जाऊ नये, मासा बिथरू नये यासाठी कुठलाही नियम तुम्हाला वाचवणार नाही, तिथे फक्त समजूत चालते.

वेकबद्दल, म्हणजे बोटीमागे उठणाऱ्या लाटांबद्दल. लोकांना वाटतं वेग जास्त तर लाट मोठी. तसं नाहीये. सगळ्यात मोठी लाट उठते अर्धवट वेगाला, जेव्हा बोटीचं नाक वर आलेलं असतं आणि मागची बाजू पाण्यात खोल गेलेली असते, ना ती धड तरंगतीये ना धड पाण्यावर उचलली गेलीये. सभ्यपणा म्हणून माणूस वेग थोडा कमी करतो आणि नेमका याच अवस्थेत शेजारून जातो, आणि मग नांगरलेल्या बोटीत उभा असलेला माणूस हातात गळ धरून आडवा होतो. एकदा माझ्याच बोटीत माझ्या मित्राच्या अंगठ्यात ट्रेबल हुक, म्हणजे तीन टोकांचा गळ, असा घुसला, बाजूने जाणाऱ्याने हात पण केला होता, त्याला वाटलं आपण हळूच गेलो. म्हणून एकतर पूर्ण आयडल, म्हणजे इंजिनाचा सगळ्यात कमी वेग, नाक खाली बसेपर्यंत, नाहीतर खूप लांबून पूर्ण वेगाने, मधलं काही नाही. आणि वेग शेवटच्या क्षणी तोडू नका, तुमचीच लाट मागून येऊन तुम्हाला आणि त्याला दोघांना गाठते. शंभर मीटर आधी कमी करायला सुरुवात करा. उथळ पाण्यात लाट उंच आणि उभी होते, त्यामुळे काठाजवळ पाण्यात उभं राहून गळ टाकणारा माणूस असेल तर तर फारच जपा, त्याच्या कमरेपर्यंत पाणी आहे आणि पायाखाली गोटे आहेत.

काठावरच्या लोकांचा विषय निघालाच आहे तर माझं ठाम मत सांगतो. तुमच्याकडे बोट आहे, सगळं पाणी तुमचं आहे. त्याच्याकडे फक्त त्याच्या कास्टएवढं पाणी आहे, पन्नास-साठ मीटर. ते त्याला राहू द्या. काठाला लागून माणूस बसलाय तर त्याच्या कास्टच्या बाहेरून वळसा घालून जा आणि पुढे गेल्यावर परत काठाला या. नदी अरुंद असेल आणि जाण्यावाचून इलाज नसेल तर लांबूनच हाक मारून विचारा, कुठल्या बाजूने जाऊ, तो सांगेल तिथून जा. आणि त्याने चारा टाकून मासा जमवला असेल तर त्या चाऱ्याच्या पट्ट्यात जाऊन गळ टाकणं ही सरळ सरळ चोरी आहे, मी यापेक्षा सौम्य शब्द वापरणार नाही. हे बोटवाल्यांच्या चाऱ्यालाही लागू, प्रवाहात खाली लांब वाहत गेलेला चारा ज्याने टाकला त्याचाच.

आवाजाबद्दल बरेच गैरसमज आहेत. लोक बोट शेजारी आली की शू शू करतात, बोलू नका म्हणतात. हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरून जवळजवळ सगळा परत फिरतो, तुमच्या गप्पा माशापर्यंत फारशा पोचत नाहीत. पोचतं ते बोटीच्या तळातून जाणारं. ॲल्युमिनियमच्या बोटीत लाईनचं शिशाचं वजन पडलं, बर्फाची पेटी सरकवली, झाकण आपटलं, नांगराची साखळी धडाधड सोडली, की तो ठोका थेट पाण्यात जातो, आणि पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर जातो, हवेच्या चारपटीहून जास्त. माशाला आतला कान आहे, शिवाय अंगावरच्या बाजूच्या रेषेने त्याला जवळची थरथर कळते, आणि रोहू-कटला-कार्प या कुळात तर हवेची पिशवी आणि कान यांना जोडणारी छोटी हाडंच असतात, ते फारच तिखट कानाचे. म्हणून घोळक्यात पोचल्यावर नांगर हाताने सोडा, सावकाश, साखळीखाली जुनी चटई ठेवा. इंजिन सारखं चालू-बंद करू नका. फिश फाइंडरचं पण सांगतो, दोन बोटी जवळ असल्या आणि दोघांचे सोनार एकाच फ्रिक्वेन्सीवर, समजा दोन्ही २०० किलोहर्ट्झवर, तर दोघांच्याही स्क्रीनवर उभ्या रेघा आणि ठिपके यायला लागतात, लोक समजतात मशीन बिघडलं. नांगरून बसलात की बंद करून टाका, खाली काय आहे ते एव्हाना तुम्ही पाहिलेलंच आहे.

शेजाऱ्याला मोठा मासा लागला तर काय करायचं, हे तुम्ही विचारलं नाहीये पण हे यायलाच हवं. त्याच्या बाजूच्या आपल्या लाईन लगेच गुंडाळायच्या, इलेक्ट्रिक मोटर पाण्यात असेल तर वर घ्यायची, आणि मासा आपल्याकडे धावत येतोय असं दिसलं तर विचारायचं, मी सरकू का. माझ्या नांगराच्या दोराला कायम एक बोया बांधलेला असतो, वेळ आली तर दोर सोडून देतो, बोया तरंगत राहतो, नंतर येऊन उचलतो, दोन मिनिटांत जागा मोकळी होते. हे सगळ्यांनी करावं, स्वतःला मोठा मासा लागल्यावर त्याच्या मागे जायलाही हेच उपयोगी पडतं. लाईन एकमेकांत अडकल्या तर ज्याच्या लाईनला मासा आहे त्याची लाईन ताठ राहू द्यायची, दुसऱ्याने आपली ढिली सोडायची, आणि कापायचीच वेळ आली तर स्वतःची कापायची. दुसऱ्याची लाईन त्याला न विचारता कधीही कापू नये. तुमच्या त्या माणसाने स्वतःचीच लाईन तोडली ना, ओरडला असेल पण ते त्याने बरोबर केलं.

जागेचं म्हणाल तर आधी आलेल्याची जागा, पण म्हणजे दिवसभराची जहागीर नाही. भरपूर मासे मिळाले असतील आणि मागे कोणी मुलाला घेऊन आलेला ताटकळत असेल तर मी उठतो, जाताना त्याला सांगतो किती खोलीवर लागत होते. आणि दुसऱ्याला मासा लागताना पाहिला की त्याच्या शेजारून जाऊन त्याचा बिंदू जीपीएसमध्ये साठवून घेणं हे फार वाईट दिसतं. त्याने सांगितला तर घ्या. मासा मिळतोय म्हणून त्याच्या जवळ जवळ सरकत जाणं तर त्याहून वाईट, आणि ते सगळ्यांना दिसतं, तुम्हाला वाटतं कोणाला कळत नाहीये.

रात्रीचं थोडक्यात. नांगरलेल्या बोटीवर चारी बाजूंनी दिसणारा पांढरा दिवा, कायम. सात मीटरपेक्षा लहान बोटीला काही ठिकाणी सूट आहे, पण जिथे बोटींची ये-जा आहे तिथे नाही, आणि गर्दीचा स्पॉट म्हणजे ये-जा आलीच. आपली जागा कोणाला कळू नये म्हणून दिवे बंद करून बसणारे लोक मी पाहिलेत, त्यांना जिवापेक्षा माशाची किंमत जास्त वाटते. आणि सर्चलाईट दुसऱ्याच्या तोंडावर मारू नका, अंधाराला सरावलेली नजर परत यायला वीस-तीस मिनिटं लागतात, तेवढा वेळ तो माणूस आंधळा होऊन बोट चालवणार.

रॅम्पवर, म्हणजे बोट पाण्यात उतरवायच्या उतारावर, तर स्पॉटवरच्या निम्मी भांडणं होतात पण सांगायला फार नाही. सामान, पट्टे, ड्रेन प्लग म्हणजे तळाच्या भोकाचं बूच, सगळं बाजूला उभं राहून आधी तयार करा, मग उतारावर या, बोट पाण्यात गेली की गाडी लगेच हलवा. उतारावर उभं राहून रॉड जोडत बसू नका. परत येताना बोट धुवा, आतलं पाणी काढा, वाळवा, एका तळ्याचे नकोसे शिंपले आणि वनस्पती दुसऱ्या तळ्यात अशाच बोटीतल्या पाण्यातून जातात.

बोलायचं कसं, याचंही एक तंत्र आहे. इंजिन बंद किंवा आयडल, हात वर, आणि पहिलं वाक्य प्रश्न असू द्या. नमस्कार, लाईन कुठल्या बाजूला आहेत, मी तुमच्या डाव्या हाताने गेलो तर चालेल का. मी अशी शेकडो वेळा परवानगी मागितलीये आणि नाही म्हणणारे मोजके भेटले, त्यांनाही काही ना काही कारण होतं. रेडिओ असेल तर चॅनल १६ वर गप्पा नाहीत, तो संकटासाठी आणि हाक मारण्यासाठी, हाक मारून दुसऱ्या चॅनलवर जायचं. कोणी सरळ अंगावर येतोय आणि त्याचं लक्ष नाही असं वाटलं तर हॉर्नचे पाच छोटे आवाज, तुझा इरादा मला कळत नाहीये असा त्याचा अर्थ आहे, ती शिवी नाही. आणि समोरचा चुकला, लाईन कापून गेला, तर परत ओरडून किंवा त्याच्या बोटीवर शिसं फेकून काही मिळत नाही, त्या वेगाने आलेलं शिसं डोळा घेऊन जातं. मी हात हलवून खूण करतो की लाईन इथे आहे, बस. पुष्कळ जण परत येऊन माफी मागतात, त्यांना खरंच माहीत नसतं, जसं तुम्हाला नव्हतं.

तो माणूस तिथे नेहमी येत असेल तर पुढच्या वेळी परत भेटेलच. त्याच्या बाजूने, लांबून, आयडलवर जा, हात करा आणि सांगा की त्या दिवशी तुमची लाईन माझ्यामुळे गेली, आज किती लांब लाईन सोडल्यात ते सांगा म्हणजे तेवढा लांबून जातो. तुटलेल्या गळाचे-शिशाचे पैसे विचारा, बहुतेक घेणार नाही, पण विचारा.

आणि त्याआधी, पाण्यात उतरायच्याही आधी, एक काम नक्की करा. पंख्यात अडकलेला तुकडा हाताने ओढून काढलात म्हणालात, तेवढ्याने झालं असं समजू नका. इंजिन बंद, चावी काढलेली, मग नट खोलून पंखा पूर्ण बाहेर काढा आणि त्याच्या मागे शाफ्टवर बघा. तंगूस तिथे गुंडाळून बसतं, विशेषतः ब्रेडेड म्हणजे विणलेली लाईन, आणि फिरता फिरता ऑईल सीलमध्ये शिरून ते कापतं. मग गिअरकेसमध्ये पाणी जातं आणि महिन्या-दोन महिन्यांनी गिअर खराब झाले की कारण कोणाच्या लक्षात येत नाही. शाफ्टवर एक जरी वेढा सापडला तर गिअर ऑईल थोडं काढून बघा, दुधासारखं पांढरट दिसलं तर सील बदलल्याशिवाय बोट पाण्यात नेऊ नका.